देवळाची ओसरी आणि वाटसरू

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्याच्या सायंकाळी ग्रामस्थांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा दिवस आपल्या गावाच्या दृष्टीने भाग्याचा आहे. मारुतीरायाच्या देवळाचे काम पूर्ण झाले. कोणी हजार दिले, कोणी लाख दिले. ज्यांच्याजवळ देण्यासारखे काही नव्हते त्यांनी आपल्या मजुरीचे दिवस बुडवून विटा वाहिल्या, रेती चाळली. या सर्वांचे दान देवाच्या वहीत एकाच ओळीत लिहिले गेले असेल, असे मी मानतो.

समितीने मला शेजारधर्मावर दोन शब्द बोलावयास सांगितले आहे. विषय सोपा आहे. शेजाऱ्याला मदत करावी, अडल्यानडल्याच्या उपयोगी पडावे, हे शाळेतले पोरगेही सांगेल. म्हणून तेच पुन्हा सांगण्यात मी आपला वेळ घेणार नाही. मला एवढेच विचारावयाचे आहे की, पूर्वी जी मदत आपोआप होत असे ती आता तशी का होत नाही, आणि ती व्हावी यासाठी आपल्या हाती काय आहे.

पूर्वीची माणसे चांगली आणि आताची बिघडलेली, असे म्हणण्याची आपल्यात रीत आहे. मला ते पटत नाही. माणूस तोच आहे. दिवस बदलले आहेत. पूर्वी सकाळी चुलीला विस्तव लागला तर बाई शेजारी जाई. पावसाळ्यात चिखलात बंडी रुतली तर मागच्या बंडीवाल्याला उतरून खांदा द्यावाच लागे, कारण त्याची वाट तीच होती. ज्वारीची सवंगणी एकट्याच्या हातून होत नसे. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या वावरात, असे चाले. बाईला रात्री कळा सुरू झाल्या तर चार घरच्या बाया धावत. लग्नाचा मांडव, मौतीची लाकडे, सारे गावानेच करावयाचे. शेजाऱ्यावाचून दिवस निघतच नव्हता.

आता घरात गॅस आहे, दारात मोटारसायकल आहे, वावरात ट्रॅक्टर आहे, खिशात मोबाईल आहे. मांडव भाड्याने मिळतो, स्वयंपाक आचारी करतो, नळ दारात येतो. हे सर्व चांगलेच झाले. बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला याचे वाईट कोणाला वाटेल? परंतु या सुखसोयींबरोबर एक गोष्ट घडली. शेजाऱ्याची गरज संपली, आणि गरजेबरोबर त्याच्या दारी जाण्याची सवयही सुटू लागली. नागपूर-पुण्याहून आलेल्या आपल्या देणगीदारांना हे अधिक ठाऊक आहे. तेथे एका जिन्यावर दहा वर्षे राहूनही समोरच्या दारावरच्या पाटीपलीकडे माणूस माहीत नसतो. तेव्हा गरजेपोटी जे आपसूक होत होते, ते आता ठरवून करावे लागेल. आजच्या काळाचा शेजारधर्म म्हणजे हेच.

जुन्या शेजारधर्माची दुसरी बाजूही झाकून ठेवता येणार नाही. ती मदत बहुतेक आपल्या भाऊबंदांत, आपल्या जातीत, आपल्या मोहल्ल्यात फिरत असे. त्याच गावात तहानलेल्या माणसाला विहिरीवर हात लावू दिला जात नव्हता. ज्याला देवळाची पायरी चढण्याची बंदी होती, त्याने या गोड आठवणी कशा सांगाव्यात? वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराची गोष्ट या ठिकाणी आठवते. १९२८ साली जमनालालजी बजाज यांनी ते मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले केले. विरोध पुष्कळ झाला. पण दार उघडले ते उघडलेच. आज त्या मंदिराचे नाव निघाले म्हणजे त्याच्या बांधकामाला किती खर्च आला हे कोणी विचारीत नाही. त्याचे दार कोणासाठी उघडले, हेच लोक सांगतात. आपण नुकतेच एक देऊळ बांधून उठलो आहोत, म्हणून ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो.

मंडळी, मदतीचे दोन प्रकार आहेत. एक उसनवारीचा. मी तुला पायलीभर डाळ दिली, तू मला देशील. मी तुझ्या मुलीच्या लग्नात राबलो, तू माझ्या मुलीच्या लग्नात राबशील. हा प्रकार वाईट नाही; संसार त्याच्यावरच चालतो. परंतु त्यात हिशेब आहे. दुसरा प्रकार असा की, ज्याला मदत केली त्याच्याकडून काही परत येण्याचा संभवच नाही. तो वाटसरू आहे, उद्या निघून जाईल. तो रोगी आहे, किंवा कोणाचाच नाही. येथे हिशेब संपतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे धर्म येथेच सुरू होतो.

या दुसऱ्या प्रकाराचे दाखले शोधावयास आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. आपला वर्धा जिल्हाच त्यासाठी प्रसिद्ध आहे. कुष्ठरोग झाला की त्या काळी सख्खी माणसे घराबाहेर काढीत. १९३६ साली विनोबाजींचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला या रोग्यांसाठी काम उभे केले. रोग्यांची शुश्रूषा तर केलीच, पण त्यांना शेतीला, कामाला लावले, कारण औषधाइतकीच माणसाला मानाची गरज असते.

१९३९ साली परचुरेशास्त्री नावाचे विद्वान गृहस्थ सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात आले. संस्कृतचे पंडित, स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंग भोगलेले; पण अंगावर कुष्ठरोग. गांधीजींची त्यांच्याशी तुरुंगातील ओळख होती. तरी या रोगाने त्या काळी ओळखीचा माणूसही परका होत असे. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि देशाची एवढी कामे डोक्यावर असताना स्वतःच्या हाताने ते त्यांच्या अंगाला मालीश करीत. बापूंना वेळ मिळत होता. आपल्याला मिळत नाही म्हणताना थोडे थांबून बोलावे.

हिंगणघाटचे बाबा आमटे यांची हकीकत आपण ऐकली असेल. रस्त्याच्या कडेला पावसात पडलेला तुळशीराम नावाचा रोगी पाहून बाबा प्रथम भिऊन पळाले. नंतर परत फिरले. त्या परत फिरण्यातून वरोड्याची महारोगी सेवा समिती १९४९ साली निघाली आणि पुढे आनंदवन उभे राहिले. ज्याला भीती वाटते तो वाईट माणूस, असे नव्हे. पळालेला माणूस परत फिरतो की नाही, एवढेच पाहावयाचे.

आणि वऱ्हाडातले आपले गाडगेबाबा! कीर्तनाला गावात आले की आधी हाती खराटा घेऊन गाव झाडीत, आणि भाकर खावयाची ती काम करून. देवळे बांधण्यात त्यांनी पैसा घातला नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले; पण त्यांच्या मार्गाने चालणाऱ्या मंडळींनी मुंबईस दादरला जी धर्मशाळा चालविली, तेथे टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचाराला आलेली गोरगरीब माणसे उतरतात. मुंबईसारख्या अफाट शहरात आजारी माणूस घेऊन उतरलेल्या खेडूताला पाठ टेकावयास जागा मिळणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच समजते.

या सर्वांत एक गोष्ट समान दिसते. यांतील कोणी नुसते हळहळत बसले नाही. कोणी झोपडी उभारली, कोणी धर्मशाळा, कोणी बंद दार उघडले. मनात दया आली आणि तिला जागा मिळाली नाही तर ती संध्याकाळपर्यंत विरून जाते. दयेला जागा लागते, वेळ लागतो, आणि थोडी व्यवस्थाही लागते.

व्यवस्थेचे उदाहरण आपल्या शेजारचेच घ्या. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली सुरू झाले. तेथील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षांनी भोवतालच्या गावांत एक योजना चालविली. हंगामात प्रत्येक घराने ज्वारी द्यावयाची. ज्याची शेती जास्त त्याने जास्त, भूमिहीनाने थोडी. परंतु आजारी पडल्यावर ज्याला जेवढ्या उपचाराची गरज तेवढा त्याला मिळावयाचा. थोड्या घरांनी भागत नसे. गावातील बहुसंख्य घरे सामील झाली तरच गाव योजनेत येई. आता पाहा, ज्याने चार पायल्या दिल्या आणि वर्षभर आजारी पडला नाही, त्याची ज्वारी बुडाली काय? नाही. ती कोणाच्या तरी तापावर, कोणाच्या तरी बाळंतपणावर लागली. कोणाच्या, हे त्याला विचारावेही लागले नाही. घेणाऱ्यालाही कोणापुढे हात पसरावा लागला नाही. मदत अशी असावी की घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये.

आपल्या आंजीतही त्याच महाविद्यालयाचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. शिकाऊ डॉक्टर मुले-मुली दूरदूरच्या प्रांतांतून येथे येत आली आहेत. ती आपल्याला औषध देतात, पण तीही परक्या गावात आलेली लेकरेच असतात. सणावाराला त्यांतील एखाद्याला जेवावयास बोलाविले तर आपले काही खर्ची पडत नाही.

आता आजच्या काळातील दोन प्रसंग सांगतो. पहिला रस्त्याचा. वर्धा-आर्वी रस्त्यावरील वाहतूक आपण रोज पाहतो. अपघात होतो, माणूस पडतो, दहा गाड्या थांबतात, लोक मोबाईलवर चित्र काढतात, आणि हात कोणी लावीत नाही. का? तर म्हणे पोलिसांचे लचांड मागे लागेल, दवाखान्यात पैसे भरावे लागतील, कोर्टाच्या चकरा होतील. ही भीती एके काळी खोटी नव्हती. परंतु आता कायदा बदलला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याच्या रक्षणासाठी आदेश दिले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १३४ अ हे कलम आले. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दिवाणी अगर फौजदारी कारवाई होत नाही. आपले नाव, पत्ता सांगण्याची त्याला सक्ती नाही. साक्षीदार व्हावयाचे की नाही, ही त्याची खुशी. दवाखान्याला त्याला अडवून ठेवता येत नाही. महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तरुण मंडळींनो, एवढी चार वाक्ये पाठ करून ठेवा. रस्त्यावर पडलेला माणूस कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, चूक कोणाची, हे मागाहून पाहता येईल. रक्त थांबविण्याची वेळ मागाहून येत नाही.

दुसरा प्रसंग बोलावयास जड आहे, पण बोललाच पाहिजे. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. कर्ज, नापिकी, कापसाचा भाव ही कारणे मोठी आहेत आणि ती सरकारने पाहावयाची आहेत. शेजाऱ्याच्या दोन गोड शब्दांनी कर्ज फिटत नाही, हे मला समजते. परंतु असा माणूस आधी गप्प होतो. पारावर येणे सोडतो, लग्नाकार्यात तोंड दाखवीत नाही, वावरात जाण्याची वेळ चुकवितो. हे सरकारी कचेरीत बसून दिसत नाही. बँकेला दिसत नाही. दिसते ते फक्त शेजाऱ्याला. अशा वेळी उपदेश करू नये, आणि ‘काय झाले?’ असे चारचौघांत तर मुळीच विचारू नये. संध्याकाळी त्याच्या दारी जाऊन बाजेवर बसावे. ‘चाल बाप्पा, माझ्या वावरातून एक चक्कर मारून येऊ,’ म्हणावे. बोलला तर ऐकावे, न बोलला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. जीव देण्याची भाषा त्याच्या तोंडी आलीच तर त्याला एकटे सोडू नये. घरच्यांना सांगावे आणि डॉक्टरकडे घेऊन जावे. ज्या घरावर असा प्रसंग ओढवून गेला, त्या घरातील बाईशी तेराव्यानंतरही बोलणे ठेवावे. तेरा दिवस सारे गाव येते. चौदाव्या दिवशी कोण येतो, ते महत्त्वाचे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो या देवळाचा आहे. समितीपुढे अशी सूचना आहे की, नवीन ओसरीला लोखंडी जाळी बसवून रात्री कुलूप लावावे. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. फरशी नवी आहे, दानपेटी आहे, रात्री कोणी दारू पिऊन येऊन पडतो, पत्ते खेळतात. हा त्रास खरा आहे आणि देवळाचे पावित्र्य राखलेच पाहिजे. तरीही माझी समितीला हात जोडून विनंती आहे की, गाभाऱ्याला कुलूप लावा, दानपेटी आत ठेवा, ओसरीवर रात्रभर दिवा जळू द्या. पण ओसरीला कुलूप लावू नका.

ही ओसरी कोणासाठी आहे याचा विचार करा. कौंडण्यपूरला आर्वीमार्गे पायी जाणारा यात्रेकरू, शेवटची बस चुकलेला माणूस, कापूस वेचणीला बाहेरून आलेली मजूर कुटुंबे, ज्यांच्या पालात अवकाळी पावसाचे पाणी शिरते, यांना गावात दुसरी जागा कोणती? आपल्या घराचे दार रात्री परक्याला उघडावे, एवढे मोठे मन मी कोणाकडे मागत नाही. घरात लेकीबाळी असतात, भीती वाटते, ते साहजिक आहे. म्हणून तर गावाने ओसरी बांधावयाची असते! एकट्या घराला जे जमत नाही, ते गाव मिळून करते.

२०२० साली टाळेबंदीत शहरांतील मजूर डोक्यावर बोचके घेऊन शेकडो मैल चालत निघाले, ते आपण सर्वांनी पाहिले. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी त्या वेळी भीतीपोटी वेशीवर काट्या लावल्या. आणि कितीतरी ठिकाणी लोकांनी रस्त्याच्या कडेला भाकरी-भाजी आणि पाण्याचे माठ मांडले. रोगाची भीती दोघांनाही सारखीच होती.

मारुतीरायाची एक गोष्ट आठवते. राम-लक्ष्मण सीतामाईच्या शोधात ऋष्यमूक पर्वताजवळ आले, तेव्हा ते दोघे अनोळखी वाटसरूच होते. हाती धनुष्ये, अंगावर वल्कले. त्यांना पाहून सुग्रीव घाबरला. शत्रूने पाठविलेले असतील, असे त्याला वाटले. मारुती मात्र खाली उतरून गेला आणि गोड शब्दांनी त्यांची विचारपूस केली. पुढे जे रामायण घडले त्याची सुरुवात त्या विचारपुशीत आहे. मारुतीची शक्ती, मारुतीचे उड्डाण, द्रोणागिरी, हे सर्व आपण गातो. पण त्याचा पहिला पराक्रम एवढाच की, परक्या माणसाजवळ जाऊन ‘कोठचे पाव्हणे?’ म्हणून त्याने विचारले. डोंगर उचलणे आपल्याला जमणार नाही. विचारपूस जमेल.

म्हणून तीन गोष्टी मी गावापुढे ठेवतो. एक, ओसरी उघडी राहावी, आणि तिच्या देखरेखीसाठी पाळीपाळीने दोन घरांनी रात्री एक फेरी मारावी. म्हणजे दारू आणि पत्ते आपोआप बंद होतील व वाटसरूचीही चौकशी होईल. दोन, ओसरीच्या तोंडाशी पाण्याचा रांजण बारमाही भरलेला असावा, आणि तो भरण्याची पाळी सर्व मोहल्ल्यांकडे यावी. कोणत्याही मोहल्ल्याला वगळू नये. तीन, देणगीदारांच्या नावांच्या शिळेशेजारी एका साध्या पाटीवर १०८ हा क्रमांक आणि रात्री-बेरात्री गाडी घेऊन निघणाऱ्या तरुणांचे फोन लिहावेत. शिळेवरील नावे आपल्याला काल काय दिले ते सांगतील. पाटीवरील नावे आज रात्री कोण उठणार ते सांगतील.

देणगीदार सज्जनांनाही एक मागणे आहे. आपण गावाची आठवण ठेवलीत, हे मोठे उपकार. पण देऊळ येथे आणि आपला मुक्काम शहरात. तेव्हा परत गेल्यावर आपल्या जिन्यावरील समोरचे दार एकदा वाजवावे. तेथे एकटे राहणारे कोणी म्हातारे असेल तर त्याला आपला फोन लिहून द्यावा. आंजीच्या देवळाला दिलेल्या देणगीचा तेवढा भाग तेथे पोहोचला, असे आम्ही समजू.

मंडळी, दगडविटांचा जीर्णोद्धार गवंडी करून गेला. त्याचे काम त्याने चोख केले आहे. राहिलेले काम आपले आहे, आणि ते दर रात्री थोडे थोडे करावयाचे आहे.